फेडर फुलवर, स्टेज मात्र काळंच: सबमास्टर आणि त्याच्या डिस्प्लेमागची गोष्ट

एका एकांकिका स्पर्धेत लाइट ऑपरेट करत होतो. लाइट चालवायचा डेस्क भाड्याचा, तालमीत कधी हात न लावलेला, सबमास्टर (एका फेडरवर म्हणजे सरकत्या दांड्यावर अनेक लाइट एकदम वर-खाली करायची सोय) दहाच आणि आमचे लुक, म्हणजे ठरवलेल्या प्रकाशरचना, चौदा, म्हणून शेवटचे चार दुसऱ्या पेजवर, म्हणजे त्याच फेडरांच्या दुसऱ्या संचावर टाकले होते. पेज बदललं, तीन नंबरचा फेडर आधीपासून फुलवरच होता, म्हटलं झालं काम, तर स्टेजवर अंधार आणि नट अंधारातच दोन वाक्यं बोलून मोकळा झाला. फेडर पार खाली आणून परत वर नेला तेव्हा कुठे लाइट पेटला, तोही घाबरून ढकलल्यामुळे झपकन. डेस्कच्या छोट्या स्क्रीनवर तेवढा वेळ 00 दिसत होतं, मी बघत होतो दांड्याकडे.

चूक माझीच, पण फेडर एक सांगतोय आणि लाइट दुसरंच करतोय ही भानगड सुरू कधी झाली हे शोधायला लागलं की बरंच मागे जावं लागतं.

सुरुवातीला असलं काही शक्यच नव्हतं. 1881 मध्ये लंडनच्या सॅव्हॉय थिएटरमध्ये जवळपास 1,200 विजेचे दिवे लागले, त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिथलं स्टेजही विजेवर आलं. पुढे बरीच दशकं दिवा कमी-जास्त करणारा डिमर म्हणजे रेझिस्टन्सचं मोठं तापणारं धूड आणि त्याला एक हँडल. हँडल जिथे, लाइट तिथे, डिस्प्ले कशाला हवाय? अडचण वेगळीच होती, हँडलं भरपूर आणि माणसाला हात दोन. मग ऑपरेटर एका ओळीतली हँडलं लाकडाच्या फळीने एकदम ढकलायचे. माझ्या मते ही फळी म्हणजे सबमास्टरची पणजी. जरा सुधारलेल्या बोर्डांवर सगळी हँडलं एका आडव्या दांड्यावर अडकवता यायची आणि मोठं चाक फिरवलं की अडकवलेली सगळी एकदम हलायची, तो ग्रँडमास्टर.

पण यात एक गोची होती जी आपल्या लक्षात येत नाही कारण आपण नंतर जन्मलो. चाक सगळ्या हँडलांना सारख्याच वेगाने खाली ओढायचं, म्हणजे 30 टक्क्यांवर असलेला लाइट आधी मरायचा आणि 90 वाला मागे एकटाच रेंगाळायचा, सीनचा रंग फेड होता होताच बिघडायचा. 1935 मध्ये स्ट्रँड कंपनीच्या फ्रेड बेंथमने चक्क सिनेमा थिएटरातल्या ऑर्गनच्या धर्तीवर लाइट कन्सोल बनवला, कुठले डिमर हलवायचे ते ऑर्गनसारख्या कळा दाबून निवडायचं आणि मग तेवढेच हलवायचे. एक माणूस बसून सगळं वाजवणार! कल्पना भारीच, पण लेव्हल प्रमाणात उतरवायचा प्रश्न तसाच राहिला.

तो सुटला डिमर आणि कंट्रोल वेगळे झाल्यावर. 1947 मध्ये येल विद्यापीठात जॉर्ज आयझेनॉरने व्हॅक्यूम ट्यूबसारख्या थायराट्रॉनवर चालणारे डिमर बसवले, 1957 मध्ये जनरल इलेक्ट्रिकने थायरिस्टर हा छोटा सेमीकंडक्टर स्विच आणला आणि पुढच्या काही वर्षांत तो थिएटरमध्ये शिरला. आता फेडरमधून दिव्याचा करंट जायचा नाही, जायचे फक्त 0 ते 10 व्होल्ट. आणि इथेच सबमास्टरचा खरा जन्म आहे, कारण मग कोणीतरी साधी युक्ती केली, की चॅनेलच्या, म्हणजे एकेका डिमरच्या फेडरला सरळ पूर्ण व्होल्टेज द्यायचंच नाही, ते आधी मास्टर फेडरमधून न्यायचं. चॅनेल 80 वर आणि सबमास्टर 50 वर, तर डिमरला मिळणार 40. दुसरा चॅनेल 30 वर असेल तर त्याला 15. दोघं प्रमाणात उतरतात आणि शून्यावर एकाच वेळी पोचतात, रंग बिघडत नाही. गणित कोणी करत नव्हतं, तारा करत होत्या.

एकच चॅनेल दोन सबमध्ये असला तर? दोन्हींचं व्होल्टेज एकेका डायोडमधून, म्हणजे करंट एकाच दिशेने सोडणाऱ्या भागातून आणून जोडायचं, ज्याचं जास्त तो जिंकणार. आज मॅन्युअलमध्ये ज्याला एचटीपी म्हणतात, म्हणजे सगळ्यात वरची लेव्हल चालणार, तो नियम मुळात असा दोन पैशांच्या डायोडमधून आलाय. आपल्याकडे जे जुने टू-सीन प्रीसेट, म्हणजे दोन सीनसाठी फेडरच्या दोन ओळी असलेले बोर्ड फिरायचे त्यातही हाच खेळ, आणि लाइटवाल्याने शिकवलेला पहिला धडा तोच असायचा, की दोन सब वर असतील तर एक खाली घेतलास म्हणून अंधार होईलच असं नाही.

या काळातला डिस्प्ले म्हणजे मास्किंग टेप. फेडरच्या खाली लांब पट्टी चिकटवायची आणि मार्करने लिहायचं, 'निळा वॉश', 'खिडकी', 'आई स्पॉट'. आणि ती पुरायची, कारण दांडा अजून खरं तेच बोलत होता.

खोटं बोलायला लागला तो मेमरी आल्यावर. साठच्या दशकात बीबीसीसाठी थॉर्न कंपनीचा क्यू-फाइल हा मेमरीवाला डेस्क आला, आणि 1975 मध्ये ‘अ कोरस लाइन’ या म्युझिकलसाठी लाइट डिझायनर थॅरन मसरने ब्रॉडवेवर पहिल्यांदा कॉम्प्युटर बोर्ड वापरला, नाव एलएस-8. तोवर तिथे पियानो बोर्ड नावाच्या मोठाल्या पेट्या आणि त्यांना भिडलेली माणसं असायची. आता लेव्हल साठवली जाते आकड्यात. सबमास्टरमध्ये कुठलाही लुक रेकॉर्ड करा, पेज बदला की त्याच फेडरवर दुसरा लुक. दहा फेडरचे शंभर झाले. पण दांड्याला काही कळत नाही, तो मागच्या पेजवर ठेवला तिथेच उभा.

तेव्हा डेस्कने करायचं काय? लाइट एकदम उडी मारून दांड्याच्या जागी नेला तर प्रेक्षकांसमोर झटका बसेल. म्हणून बऱ्याच डेस्कांनी ठरवलं, की दांडा नव्या पेजवरच्या सबच्या खऱ्या लेव्हलपर्यंत येऊन तिला गाठेपर्यंत त्याचं ऐकायचं नाही. माझ्या अंधाराचं कारण हेच, आणि खरं सांगायचं तर नियम बरोबरच आहे. फक्त मग खरी लेव्हल कुठेतरी दिसायला हवी, आणि सबमास्टरला डिस्प्ले लागला तो या गरजेपोटी.

सुरुवातीचे डिस्प्ले दोनच आकड्यांचे, म्हणून 00 ते 99 आणि त्यापुढे शंभरला जागा नाही तर FL, म्हणजे फुल. आज टचस्क्रीनवर शंभर आरामात मावतात तरी FL काही जात नाही! डेस्ककडून डिमरला लेव्हल पाठवायच्या 1986 च्या डीएमएक्स 512 या पद्धतीत आत लेव्हल जाते 0 ते 255 अशी, आपल्याला दिसतात टक्के, म्हणून 50 टक्के म्हणजे आतून 127 की 128 यावर डेस्क डेस्कमध्ये फरक पडू शकतो. नाटकाला याने काही फरक पडत नाही, वाद घालायला बरं.

मूव्हिंग लाइटने, म्हणजे डेस्कवरून हव्या त्या दिशेला वळवता येणाऱ्या लाइटने अजून घोळ वाढवला. 1981 मध्ये जेनेसिस बँडच्या टूरवर व्हेरी-लाइट आले, आणि जास्त लेव्हल जिंकणार हा नियम अपुरा पडला, कारण लाइट डावीकडे बघतोय की उजवीकडे यात जास्त काय आणि कमी काय? तिथे शेवटी दिलेली आज्ञा चालते, एलटीपी. म्हणजे आता नुसती लेव्हल दाखवून भागेना, हा सब काय काय पकडून बसलाय, सब खाली घेतल्यावर काय सुटणार, हेही दाखवावं लागलं. म्हणून फेडरच्या ओळीजवळ चिंचोळे एलसीडी आले, त्यावर नाव, टक्के, पेज. साउंड डेस्कवर आधीपासून असलेले मोटरवाले फेडर लाइटच्या महागड्या डेस्कवरही आले, पेज बदललं की दांडे आपोआप सरकून आपापल्या जागी जातात. म्हणजे दांडा परत खरं बोलायला लागला, फक्त त्यासाठी प्रत्येक फेडरखाली एक मोटर बसवावी लागली.

भाड्याने येणाऱ्या छोट्या डेस्कवर ती मोटर सहसा नसते. त्यामुळे मी आता पेज बदलायच्या आधी सगळे फेडर शून्यावर आणतो, आणि ज्या सबला तसं करता येत नाही त्याच्या टेपवर लाल मार्करने लिहितो, 'आधी स्क्रीन बघ'.