अणुविज्ञानाच्या शांततामय उपयोगांविषयी जनजागृती (ग्रामीण विदर्भ)

अणुऊर्जा, किरणोत्सार आणि किरणोत्सारी समस्थानिके (मूलद्रव्यांचे आपोआप किरण सोडणारे प्रकार) शेतीत, दवाखान्यात, अन्नाच्या साठवणीत, जमिनीच्या अभ्यासात कशी वापरली जातात हे सामान्य लोकांना कळावे आणि त्यांच्याविषयीची भीती व भाबडेपणा दोन्ही कमी व्हावेत, यासाठी होणारे प्रयत्न. विदर्भाच्या खेड्यांत या प्रयत्नांपुढची अडचण जरा निराळी आहे. हे विज्ञान घरात येऊन चाळीस वर्षे होत आली, त्याचे नाव मात्र उंबऱ्याबाहेरच राहिले. अणू म्हटला की बॉम्ब आठवतो, फार तर तारापूर. उन्हाळ्यात ओसरीवर वाळत घातलेल्या उडदाच्या पापडाशी त्याचा काही संबंध असेल, असे कोणाच्या मनातही येत नाही.

अणूची पहिली ओळख जगाला ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमात झाली. तेव्हापासून त्याची दुसरी बाजू सांगणाऱ्याला सुरुवात खुलाशानेच करावी लागते. भारतात अणुऊर्जा आयोग १९४८ साली स्थापन झाला. अणुशक्तीच्या शांततामय उपयोगांवर १९५५ मध्ये जिनिव्हात आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिचे अध्यक्ष होमी भाभा होते. पुढच्याच वर्षी मुंबईतल्या तुर्भ्यात, म्हणजे इंग्रजीतल्या ट्रॉम्बेत, ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली. विदर्भाशी या साऱ्याचा धागा जुळला तो विजेमुळे नव्हे. इथली वीज आजही कोळशाची, आणि चंद्रपूरकराला राख म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. धागा जुळला बियाण्यामुळे.

तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ (स्थापना १९६९) यांनी मिळून काढलेल्या वाणांची नावे नुसती वाचली तरी अर्धी गोष्ट कळते. टीएयू-१ म्हणजे ट्रॉम्बे अकोला उडीद. टीएटी-१० म्हणजे ट्रॉम्बे अकोला तूर. ही दोन्ही १९८५ ची. टीएजी-२४ हा १९९१ चा ट्रॉम्बे अकोला भुईमूग. शेतकरी त्याला ‘टॅग चोवीस’ म्हणतो, आणि टॅग हे एखाद्या कंपनीचे नाव असावे असे त्याला वाटते. भुरी रोगाला दाद न देणारे टीएआरएम मालिकेतले मूग, २००५ चे टीएएमएस-३८ सोयाबीन हीही याच भागीदारीची पिले. कृषी केंद्राच्या फळीवरून पिशवी उतरवली की तिला शिवलेल्या निळ्या लेबलावर (प्रमाणित बियाण्याचे लेबल निळे, पायाभूतचे पांढरे) पीक, वाण, लॉट क्रमांक, उगवणशक्ती अशी सगळी कुंडली छापलेली असते. वाणाच्या रकान्यातला पहिला ‘टी’ म्हणजे तुर्भे. तेवढे एक अक्षर सोडले, तर त्या पिशवीवर अणुविज्ञानाचा दुसरा पत्ता नसतो.

हे वाण तयार होतात कसे? कोरड्या बियाण्यावर गॅमा किंवा क्ष-किरण सोडतात. त्यामुळे काही बियांच्या गुणसूत्रांत बदल होतात. यालाच उत्परिवर्तन म्हणतात. निसर्गात असे बदल आपसूक होतच असतात, पण फार सावकाश. किरणे दिलेले बी पेरून आलेल्या हजारो झाडांतली बहुतेक टाकाऊ निघतात. एखादे ठेंगणे, एखादे लवकर पिकणारे, एखादे टपोऱ्या दाण्याचे सापडते. ते पिढ्यान् पिढ्या वाढवायचे, दुसऱ्या वाणाशी त्याचा संकर करायचा, मग विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर चाचण्या घ्यायच्या. ट्रॉम्बेच्या भुईमुगांचे मूळ ‘स्पॅनिश इम्प्रूव्हड’ या वाणाला दिलेल्या क्ष-किरणांत आहे. टीएजी-२४ त्या घराण्यातल्या वाणांच्या संकरातून आला. त्याचे झाड बुटके, फांद्या आटोपशीर. पाला माजवण्यापेक्षा शेंगा धरण्याकडे त्याचा ओढा. म्हणूनच ओलिताच्या उन्हाळी भुईमुगात तो टिकला.

इथे दोन गैरसमज हटकून आडवे येतात. पहिला असा, की किरणे दिलेले बी किरणोत्सारी होते. तसे होत नाही. गॅमा किरण बियातून आरपार जातात, मागे उरत नाहीत. विजेरीचा झोत पडला म्हणून भिंत काही उजेड साठवून ठेवत नाही. शिवाय शेतकऱ्याच्या हाती पडणारे बी त्या मूळ बियापासून कित्येक पिढ्या दूर असते. दुसरा गैरसमज खास कापूसपट्ट्यातला. २००२ नंतर बीटी कपाशीने विदर्भाचे शिवार व्यापले, तेव्हापासून ‘प्रयोगशाळेतले बी’ म्हणजे बीटी हे समीकरण पक्के झाले. बीटीत बाहेरच्या जीवाणूचे जनुक घातलेले असते. उत्परिवर्तित वाणात बाहेरचे काहीच घालत नाहीत, त्या रोपाच्याच जनुकांत फेरबदल झालेला असतो. हा फरक भाषणातून सांगायला गेले तर लोक जांभया देतात. विद्यापीठाच्या शिवारफेरीत दोन सऱ्या शेजारीशेजारी दाखवल्या, एक उंच आणि एक बुटकी, की तोच माणूस वाकून शेंगा मोजू लागतो. जनजागृतीचे बहुतेक कार्यक्रम अणूच्या रचनेपासून सुरू होतात आणि चहापाशी संपतात. प्रस्तुत लेखकाच्या मते त्यांची सुरुवात बियाण्याच्या पिशवीपासून व्हायला हवी.

आता दवाखाना. खर्रा विदर्भाच्या पानठेल्यांचा राजा: सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून घोटलेला. तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण इथे का कमी होत नाहीत, याचे एक उत्तर त्या पन्नीत आहे. उपचार म्हणजे शस्त्रक्रिया, औषधे आणि किरणोपचार. या शेवटच्याला खेड्यात किरणोपचार कोणीच म्हणत नाही. कोणी ‘शेक’ म्हणतो, कोणी ‘लाईट’. “लाईट घ्याले नागपूरले जा लागते,” असे घरचे माणूस शेजाऱ्याला सांगते, आणि त्या वाक्यात अणूचा अ सुद्धा नसतो.

नागपूरचे कर्करोग रुग्णालय ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराज स्वतः १९६८ मध्ये कर्करोगानेच गेले. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयातही किरणोपचार विभाग आहे. किरणोपचाराचे जुने आणि तुलनेने स्वस्त यंत्र कोबाल्ट-६० चे. भाभा केंद्राने असे देशी यंत्र बनवले, त्याचे नाव भाभाट्रॉन. कोबाल्ट-६० निसर्गात मिळत नाही. साधा कोबाल्ट अणुभट्टीत ठेवून तो तयार करावा लागतो, आणि भारतात हे काम प्रामुख्याने राजस्थानातल्या रावतभाटा येथील वीजभट्ट्यांत होते. त्याचे अर्धायुष्य सुमारे सव्वापाच वर्षांचे. म्हणजे तेवढ्या काळात त्याचा जोर निम्म्यावर येतो आणि तीच मात्रा द्यायला दुप्पट वेळ लागतो. ‘आमच्या भावाला दोन मिनिटांत सोडले होते, मला चार का?’ या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते. पण ते कोणी सांगत नाही, मग आपला आजार जास्त असावा असे समजून रुग्ण धसका घेतो. दुसरे यंत्र रेषीय त्वरक. त्यात समस्थानिक नसतेच. विजेवर किरण तयार होतात आणि वीज बंद केली की थांबतात. ‘लाईट’ हा शब्द तिथे अगदी चपखल बसतो, असे म्हणायला हरकत नाही.

तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगात आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे जावे लागते. मानेची कातडी काळवंडते, तोंडात फोड येतात, जेवण सुटते. घरच्यांना वाटते करंटने जाळले. त्याहून वाईट म्हणजे काही घरांत अशा रुग्णाची ताट-वाटी वेगळी होते, नातवंडाला त्याच्या मांडीवर बसू देत नाहीत. बाहेरून किरणे घेऊन आलेला माणूस कुणालाही बाधत नाही. पंगतीत बसवा, नातू मांडीवर द्या. हे वाक्य डिस्चार्ज कार्डावर मराठीत ठळक छापले तरी पुष्कळ काम होईल. अपवाद वेगळ्या उपचाराचा: थायरॉइडच्या कर्करोगात आयोडिन-१३१ चा मोठा डोस पोटातून देतात. तेव्हा रुग्णाला काही दिवस खरोखरच वेगळे ठेवतात, आणि घरी गेल्यावरही लहान मुले व गरोदर बायका यांच्यापासून काही काळ अंतर राखायला सांगतात. त्याचे अर्धायुष्य आठ दिवसांचे. हे दोन उपचार एकाच नावाखाली गेले की एकाची खबरदारी दुसऱ्याच्या कपाळी येते.

अन्नाच्या साठवणीतला वापर विदर्भात फारसा दिसत नाही. लासलगावचे कांदा विकिरण केंद्र (कांदा टिकावा म्हणून त्यावर किरण सोडणारे) २००२ चे, पण ते नाशिक जिल्ह्यात. मसाल्यांतले जंतू मारायलाही गॅमा किरण वापरतात, हे भिवापुरी मिरची पिकवणाऱ्याला उपयोगी पडावे. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या बंद पाकिटातल्या कितीतरी वस्तू गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेल्या असतात. तुर्भ्याच्या आयसोमेड केंद्राने हे काम १९७४ पासून केले.

लोणारचे उदाहरण मात्र थांबून पाहण्यासारखे. बुलढाणा जिल्ह्यातले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, बेसाल्टमध्ये उल्काघाताने झालेले. त्याचे वय बरीच वर्षे ५२ हजार वर्षे मानले जाई आणि अजूनही काठावर तेच सांगितले जाते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन-आर्गॉन कालमापनाने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांवर नेले. आघातात वितळलेल्या दगडातल्या पोटॅशियमच्या किरणोत्सारी प्रकाराचा किती भाग आर्गॉनमध्ये बदलला यावरून हा हिशेब होतो. नागपूर भागातल्या महापाषाणीय शिलावर्तुळांचा (मोठ्या दगडांनी वेढलेल्या प्राचीन दफनांचा) काळ इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात जातो, तिथे कार्बनचे किरणोत्सारी समस्थानिक, कार्बन-१४, कामी आले. पोरांना अर्धायुष्य शिकवायला लोणारच्या काठासारखा फळा नाही.

शाळेत विषय येतो आठवीला. कोबाल्ट-६० कर्करोगासाठी, आयोडिन-१३१ गलगंडासाठी अशी यादी विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात आहे, आणि यादी असल्यामुळे ती पाठ होते. २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनी थर्माकोलची अणुभट्टी दरवर्षी कुठे ना कुठे उभी राहते. त्याच वर्गातल्या मुलीच्या आजोबांची ‘लाईट’ चालू असते आणि तिला त्या दोन गोष्टींचा मेळ कोणी घालून दिलेला नसतो.

जागृती म्हणजे नुसते गुणगान नव्हे. मोबाइल मनोऱ्याच्या विरोधात ठराव करणाऱ्या ग्रामसभेला हे सांगायला हवे, की मनोऱ्याच्या लहरी अणूला फोडणाऱ्या किंवा आयनीभूत करणाऱ्या (त्यातला इलेक्ट्रॉन उडवणाऱ्या) जातीच्या नाहीत. भंगारवाल्याला मात्र नेमके उलट सांगायला हवे. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० असलेले जुने उपकरण पोहोचले. ते उघडले गेले, अनेकांना बाधा झाली, एकाचा जीव गेला. पिवळ्या पाटीवर मध्ये ठिपका आणि भोवती तीन पाकळ्या अशी खूण असलेली जड पेटी आली तर ती फोडायची नाही, तराजूवरही चढवायची नाही. लांब व्हायचे आणि पोलीस ठाण्याला कळवायचे.