अशुभ ग्रहयोग : केंद्रयोग, प्रतियोग, षडाष्टक

दोन ग्रहांमधले अंतर 90° असेल तर केंद्रयोग, 180° असेल तर प्रतियोग आणि 150° असेल तर षडाष्टक. फलज्योतिषात हे तीनही योग त्रासाचे मानतात. केंद्रयोगात अडथळे, प्रतियोगात दोन्हीकडून ओढाताण, षडाष्टकात एकमेकांशी न जमणाऱ्या गोष्टी, असा ढोबळ अर्थ. केंद्रयोगाला सरसकट वाईट म्हणणे मात्र घाईचे. कष्टाने मिळणारे यशही त्यावरूनच सांगतात.

तीन किंवा अधिक ग्रह गुंतले की आकृती तयार होते. प्रतियोगातल्या दोन्ही ग्रहांशी तिसरा ग्रह केंद्रयोग करत असेल तर तो टी-चौकोन. सगळा ताण या तिसऱ्या ग्रहाच्या स्थानातून बाहेर पडतो, म्हणून फलित तिथूनच सुरू करतात. चौथा ग्रह समोर आला की महाचौकोन. 23 एप्रिल 2014 च्या सुमारास मंगळ, गुरू, हर्षल (युरेनस) आणि प्लूटो यांचा असा चौकोन झाला होता. सायन (वसंतसंपातापासून राशी मोजणाऱ्या) पद्धतीने चौघेही चर (मेष, कर्क, तुळ, मकर) राशींत सुमारे 13° वर, तर निरयन (स्थिर ताऱ्यांच्या आधारे मोजणाऱ्या) पद्धतीने कन्या, मिथुन, मीन, धनू या द्विस्वभाव राशींत सुमारे 19° वर. आकृती तीच, राशीवरून सांगायचे फलित मात्र वेगळे. सोलापुरातून निघणारे दाते पंचांग निरयन आहे; त्यातले अंश घेऊन सायन पुस्तकातले राशिफल लावले की गोंधळ ठरलेलाच.

योग राशी मोजून नव्हे, अंश मोजून ठरवावा. मंगळ कर्केत 12° (मेषारंभापासून 102°) आणि शनी तुळेत 15° 40' (195° 40') असेल, तर अंतर 93° 40'. नेमक्या योगापासून फरक 3° 40'. दीप्तांश, म्हणजे चालणारा फरक, 6° धरला तर केंद्रयोग लागू. मंगळ वेगवान असल्याने अंतर घटते आहे, म्हणजे योग व्हायचा आहे आणि अधिक बलवान. मंगळ वक्री (मागे सरकताना दिसणारा) असेल तर हाच निष्कर्ष उलटतो. याउलट मेषेत 29° वरचा मंगळ आणि सिंहेत 1° वरचा शनी राशीने नवपंचम (एकमेकांपासून पाचवे-नववे) दिसतात, पण अंतर 92°, म्हणजे केंद्रयोग.

पारंपरिक दृष्टीचा हिशेब निराळा. स्वतःपासून मोजून मंगळ 4, 7, 8 आणि शनी 3, 7, 10 या स्थानांवर पूर्ण दृष्टी टाकतो. वरच्या पहिल्या उदाहरणात शनी मंगळापासून चौथा, मंगळ शनीपासून दहावा, म्हणून दोघे एकमेकांना पाहतात. शनी मंगळापासून दहावा असता तर अंतर केंद्राचेच राहून कोणाचीच पूर्ण दृष्टी कोणावर नसती!

सोलापूरचे रेखांश सुमारे 75° 55' पूर्व, त्यामुळे स्थानिक वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या 26 मिनिटे मागे. संगणक ही दुरुस्ती आपोआप करतो. हाताने पुन्हा वजा केली तर लग्न (पूर्व क्षितिजावर उगवणारा राशिबिंदू) सहा-सात अंश सरकते. चंद्र मात्र जेमतेम पाव अंश हलतो. म्हणजे ग्रहाग्रहांचे योग टिकतात, लग्नाशी किंवा दशमभावारंभाशी होणारे योग खोटे ठरतात. सप्टेंबर 1942 ते ऑक्टोबर 1945 या काळात घड्याळे एक तास पुढे होती. त्या काळातल्या जन्मवेळेतून तास वजा करावा. जुन्या हस्तलिखित पत्रिकेत इष्ट घटी दिली असेल तर ती सूर्योदयापासून मोजलेली असते, एक घटी 24 मिनिटांची.

गणित तपासायला सोपी खूण आहे. बुध रवीपासून 28° च्या आणि शुक्र 47° च्या फारसा पलीकडे जात नाही. म्हणून रवी-शुक्र किंवा बुध-शुक्र केंद्रयोग कुंडलीत दिसला, तर अंश उतरवताना चूक झाली आहे.

गुणमेलनातले षडाष्टक हे वेगळेच प्रकरण. ते वधूवरांच्या चंद्रराशींमधले 6-8 असे अंतर. अंशांचा तिथे संबंध नाही. मेष-वृश्चिक या जोडीचा स्वामी एकच, मंगळ, म्हणून ते प्रीती षडाष्टक ठरते आणि दोष धरत नाहीत.