निष्पत्तीची एक ओळ: ऑनलाइन विश्वकोशातील युद्धेतिहास आणि तटस्थतेचा वाद

३१ मे १९१६ रोजी उत्तर समुद्रात जटलंडजवळ ब्रिटिश आणि जर्मन आरमारांची गाठ पडली. ब्रिटिशांची १४ जहाजे बुडाली आणि त्यांचे ६,०९४ लोक मारले गेले. जर्मनांची ११ जहाजे बुडाली आणि २,५५१ लोक मारले गेले. तरीही लढाईनंतर जर्मन आरमार आपल्या बंदरांत परतले आणि उत्तर समुद्रावरचा ब्रिटिशांचा ताबा होता तसाच राहिला. इतिहासकाराला हे सांगायला दोन परिच्छेद पुरतात. विकिपीडियावरील लेखाच्या कडेला असलेल्या माहितीचौकटीत मात्र ‘निष्पत्ती’ या शब्दापुढे जेमतेम एक ओळ असते, आणि कोण जिंकले हे त्या ओळीत सांगावे लागते. युद्धेतिहासाच्या लेखांवरून झालेल्या भांडणांपैकी कितीतरी या एका ओळीवरून पेटलेली आहेत.

१८१२ साली अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात सुरू झालेले युद्ध २४ डिसेंबर १८१४ च्या गेंटच्या तहाने संपले आणि सीमा युद्धापूर्वी होत्या तिथेच ठरल्या. पण ते युद्ध अमेरिकेने जिंकले, तेव्हा ब्रिटिश वसाहत असलेल्या कॅनडाने की कोणीच नाही, यावर इंग्रजी विकिपीडियाच्या चर्चापानावर वर्षानुवर्षे खल होत राहिला. १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धाची गतही वेगळी नाही. शस्त्रसंधी झाली, १० जानेवारी १९६६ च्या ताश्कंद करारानुसार दोन्ही सैन्ये मागे गेली, आणि दोन्ही देशांत विजयाच्या कथा मागे राहिल्या. अशा लेखांत ‘निर्णायक विजय’, ‘डावपेचात्मक विजय’, ‘व्यूहात्मक पराभव’ अशी विशेषणे एकमेकांवर चढू लागली, तेव्हा या चौकटीच्या वापरासाठी नियम लिहिला गेला: अमुक पक्षाचा विजय असे लिहावे किंवा अनिर्णित म्हणावे, विशेषणे लावू नयेत, आणि एवढ्यात मावत नसेल तर वाचकाला युद्धाच्या परिणामांविषयीच्या भागाकडे वळवावे. नियम शहाणपणाचा होता. त्याने भांडणे थांबली नाहीत, पण त्यांची भाषा आटोपशीर झाली.

या वादांची मुळे विकिपीडियाच्या जन्मातच आहेत. १५ जानेवारी २००१ रोजी हा विश्वकोश सुरू झाला आणि तटस्थ दृष्टिकोनाचे धोरण त्याच वर्षी त्याच्या पायाशी आले. खरे काय ते संपादकाने ठरवू नये, विश्वासार्ह स्रोतांत जी मते आढळतात ती त्यांच्या वजनाच्या प्रमाणात मांडावीत, असा त्याचा गाभा. प्रत्येक विधानाला पडताळता येणारा संदर्भ हवा आणि स्वतःचे संशोधन घुसडू नये, हे नियम लवकरच त्याला जोडले गेले. अनोळखी माणसांनी एकत्र बसून लिहायचे तर यापेक्षा चांगली सोय सुचणे कठीण आहे. पण या सोयीचा एक परिणाम असा झाला की सत्यासाठीचा झगडा स्रोतांच्या दारात जाऊन उभा राहिला. युद्धाविषयीचे बरेचसे लेखन तर लढलेल्यांनीच केलेले असते, आणि हरलेल्यांनाही लिहायला भरपूर वेळ मिळतो.

सुरुवातीचा कच्चा मालही निर्मळ नव्हता. लेख भराभर वाढावेत म्हणून प्रताधिकारमुक्त मजकूर सरसकट उचलला गेला. १९११ सालच्या एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकातून साम्राज्यकाळातील मोहिमांची वर्णने आली आणि त्यांच्याबरोबर ‘बंडखोर’, ‘रानटी टोळ्या’ असा त्या काळचा सूरही आला. अमेरिकी आरमाराने प्रसिद्ध केलेल्या आपल्या युद्धनौकांच्या कोशातील नोंदी जवळजवळ जशाच्या तशा लेखांत उतरल्या; त्या नोंदींत जहाजाच्या कामगिरीचा अभिमान ओसंडून वाहतो, आणि समोरच्या बाजूचे दस्तऐवज काय म्हणतात याचा मागमूस क्वचितच लागतो. यात कोणी खोटे बोलत नव्हते. एका पक्षाची कागदपत्रे फुकट आणि इंग्रजीत मिळत होती, दुसऱ्याची मिळत नव्हती, इतकेच. या असमतोलाकडे लक्ष वेधण्यासाठी २००४ मध्ये संपादकांनी एक स्वतंत्र प्रकल्पच सुरू केला.

नावांचे वादही याच काळातले. बाल्टिक किनाऱ्यावरील शहराला ग्दान्स्क म्हणावे की डान्झिग, यावरून पोलिश आणि जर्मन बाजूंच्या संपादकांनी एकमेकांची संपादने इतक्या वेळा उलटवली की २००५ मध्ये शेवटी मतदान घ्यावे लागले. १३०८ ते १९४५ या काळासंदर्भात डान्झिग आणि इतर काळासाठी ग्दान्स्क, असे ठरले. मराठी वाचकाला हे परके वाटू नये. १८५७ ला बंड म्हणायचे, उठाव म्हणायचे की स्वातंत्र्ययुद्ध, यात लेखकाची बाजू पहिल्याच शब्दात उघड होते.

सर्वांत खोल गेलेला वाद दुसऱ्या महायुद्धातील जर्मन सैन्याविषयीचा आहे, आणि तो समजण्यासाठी विकिपीडियाच्या पन्नास वर्षे मागे जावे लागते. युद्ध संपल्यावर अमेरिकी लष्कराच्या इतिहास विभागाने पूर्व आघाडीचा अनुभव जाणून घेण्यासाठी शेकडो माजी जर्मन अधिकाऱ्यांकडून टिपणे लिहून घेतली. या कामाची सूत्रे जर्मन लष्कराच्या जनरल स्टाफचे माजी प्रमुख फ्रान्झ हाल्डर यांच्या हाती होती. शीतयुद्ध पेटत होते, पश्चिम जर्मनीला पुन्हा सैन्य हवे होते, आणि सेनानींच्या आठवणी धडाक्याने खपत होत्या. त्यांतून एक चित्र उभे राहिले: सैन्य व्यावसायिक आणि स्वच्छ, गुन्हे फक्त एसएस या नाझी पक्षाच्या सशस्त्र संघटनेचे, चुका फक्त हिटलरच्या. पुढे दस्तऐवजांच्या अभ्यासाने हे चित्र मोडीत काढले. हाम्बुर्गमधील एका संशोधन संस्थेने १९९५ मध्ये भरवलेल्या फिरत्या प्रदर्शनाने सैन्याचा नरसंहारातील सहभाग सामान्य जर्मन माणसासमोर ठेवला. काही छायाचित्रांची ओळख चुकल्यामुळे १९९९ मध्ये ते थांबवावे लागले. तपासणीत मूळ निष्कर्ष टिकला, आणि २००१ मध्ये ते नव्या रूपात पुन्हा उघडले.

म्हणजे विकिपीडिया सुरू झाला तेव्हा अभ्यासकांमध्ये हा प्रश्न बराचसा मिटलेला होता. तरी इंग्रजी लेखांत जुने चित्र सुखेनैव नांदत होते, कारण ते लिहिणारे शौकीन ज्या पुस्तकांवर विसंबत ती रणगाडेबहाद्दरांची आणि विमानवीरांची चरित्रे होती, पदकविजेत्यांच्या याद्या होत्या, तुकड्यांचे माजी सैनिकांनी लिहिलेले इतिहास होते. मिखाएल विटमान या एसएसच्या रणगाडा-नायकाचे उदाहरण घेऊ. १३ जून १९४४ रोजी नॉर्मंडीतील व्हिलेर-बोकाज गावात त्याने ब्रिटिश तुकडीवर केलेला हल्ला नाझी प्रचारयंत्रणेने उचलून धरला आणि त्या दिवशी फोडलेल्या बहुतेक रणगाड्यांचा आकडा एकट्याच्या नावावर मांडला. तोच आकडा लोकप्रिय पुस्तकात गेला, पुस्तकातून लेखात आला, आणि लेखात त्याला संदर्भ क्रमांक मिळाला. पडताळणीचा नियम अक्षरशः पाळला गेला होता! आकडा मुळात कुठून निघाला हे विचारण्याची जबाबदारी मात्र कोणाचीच नव्हती.

‘नाइट्स क्रॉस’ या जर्मन शौर्यपदकाचेही तसेच. ते सात हजारांहून अधिक जणांना दिले गेले. सर्वोच्च शौर्यपदक मिळालेला सैनिक स्वतंत्र लेखाइतका उल्लेखनीय असतो, असे गृहीतक युद्धेतिहासाच्या संपादकांमध्ये रूढ असल्याने या पदकविजेत्यांचे लेख ढिगाने तयार झाले. त्यांतील अनेकांत पदक, बढती आणि मृत्यू यांपलीकडे काही नव्हते. तो माणूस जिथे लढला तिथल्या नागरिकांचे काय झाले, हा प्रश्न तर नव्हताच. काही संपादकांनी असे लेख छाटायला, एकत्र करायला आणि प्रचारकी पुस्तकांचे संदर्भ काढायला सुरुवात केली. दुसऱ्या बाजूने उत्तर आले की चांगल्या संदर्भांचा मजकूर उडवणे हाच पक्षपात आहे, आणि युद्धनायकाच्या लेखात युद्धगुन्ह्यांची चर्चा विषयांतर आहे. दुसरा मुद्दा सरसकट टाकाऊ नाही. प्रत्येक वैमानिकाच्या चरित्रात संपूर्ण आघाडीचा इतिहास कोंबता येत नाही. पण पहिल्या मुद्द्यात ‘चांगला संदर्भ’ कशाला म्हणायचे हाच वादाचा विषय गृहीत धरलेला होता.

२०१८ मध्ये हे प्रकरण इंग्रजी विकिपीडियाच्या लवाद समितीपुढे गेले. ही समिती स्वयंसेवक संपादकांतून निवडून येते आणि तिचा जुना शिरस्ता असा की ती वर्तनाचा निवाडा करते, मजकुराचा नाही. कोण उद्धटपणे बोलले, कोणी संपादन-युद्ध खेळले, हे ती सांगते. विटमानच्या नावावर किती रणगाडे लिहावेत हे सांगत नाही. आर्मेनिया-अझरबैजान, पूर्व युरोप, पॅलेस्टाइन-इस्रायल, भारत-पाकिस्तान अशा विषयांसाठी तिने वर्षानुवर्षे कडक शिस्तीची चौकट उभारली, पण पाय याच रेषेच्या अलीकडे ठेवला.

ही रेषा पुसट झाली ती पोलंडमुळे. २०१९ मध्ये दुसऱ्या महायुद्धातील पोलिश इतिहासाच्या लेखांसाठी समितीने स्रोतांचीच अट घातली: समीक्षित नियतकालिके, नामांकित प्रकाशकांचे अभ्यासग्रंथ आणि तोलामोलाच्या संस्थांचे प्रकाशन एवढेच चालेल. त्याच वर्षी उघड झाले की वॉर्सा येथील छळछावणीविषयीच्या लेखात तिथल्या वायुकक्षांत दोन लाख पोलिश लोक मारले गेल्याचा निराधार दावा सुमारे पंधरा वर्षे उभा होता. छावणी खरी होती, वायुकक्षांची कथा नव्हती. फेब्रुवारी २०२३ मध्ये यान ग्राबोव्स्की आणि शिरा क्लाइन या इतिहासकारांनी एका अभ्यासपत्रिकेत या क्षेत्रातील विकृतीकरणावर दीर्घ निबंध प्रसिद्ध केला, आणि समितीने कोणाच्या तक्रारीची वाट न पाहता स्वतःहून प्रकरण चालवले. तेव्हाही शिक्षा वर्तनासाठीच झाल्या.

इंग्रजीत निदान भांडायला विरोधक असतो. क्रोएशियन आवृत्तीत तोही उरला नव्हता: उजव्या विचारांच्या एका गटाकडे प्रशासकांचे अधिकार गेले आणि दुसऱ्या महायुद्धातील यासेनोव्हात्सच्या मृत्युछावणीचे वर्णन सौम्य झाले. २०१३ मध्ये तिथल्या शिक्षणमंत्र्यांनी विद्यार्थ्यांना ही आवृत्ती वापरू नका असे सांगितले. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनचा याविषयीचा अहवाल २०२१ मध्ये आला. जपानी आवृत्तीत, जपानी सैन्याने १९३७ मध्ये चीनमध्ये केलेल्या नानजिंगच्या हत्याकांडाच्या लेखाचे शीर्षक ‘नानजिंग घटना’ आहे. महायुद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या तोक्यो खटल्याने बळींची संख्या दोन लाखांवर धरली, चीनचा अधिकृत आकडा तीन लाख आहे. शीर्षकातील ‘घटना’ हा शब्द त्या आकड्यांच्या आधीच वाचकापर्यंत पोहोचतो.

२०२२ मध्ये वाद चर्चापानाबाहेर गेला. युक्रेनवरील आक्रमणाचा लेख बदलावा म्हणून रशियन नियामकाने विकिपीडिया बंद करण्याची धमकी दिली, आणि एप्रिलमध्ये मॉस्कोच्या न्यायालयाने फाउंडेशनला ५० लाख रूबल दंड केला. मजकूर काढला गेला नाही. त्यानंतर रशियात ‘रुविकी’ नावाचा पर्यायी विश्वकोश उभा राहिला. त्याने रशियन विकिपीडियाचे लेख मुक्त परवान्याच्या आधारे उचलून घेतले आणि या युद्धाविषयीची वाक्ये रशियन कायद्याला चालतील अशी बदलली. त्यामुळे वाचक आता एकाच मुळाचे दोन लेख शेजारी शेजारी उघडू शकतो: एकात ‘आक्रमण’ आहे, दुसऱ्यात ‘विशेष लष्करी कारवाई’.