पिस्टन मागे ढकलताना हाताला काय कळतं

जुने ब्रेक पॅड निघालेत, नवे हातात आहेत, आणि नवा पॅड काही केल्या कॅलिपरमध्ये, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी पकडणाऱ्या चिमट्यात, बसत नाही. घरी पहिल्यांदा हे काम करणारा हमखास इथे अडतो. चुकीचा माल आला असं वाटून मीही पहिल्या वेळी खोका उलटून पार्ट नंबर पाहिला होता. माल बरोबर होता. नव्या पॅडवर घर्षणाचा थर दहा-अकरा मिलिमीटरचा असतो, झिजलेल्यावर जेमतेम तीन उरलेला. मधल्या काळात पॅडला डिस्कवर दाबणारा पिस्टन निदान तेवढा पुढे येऊन बसलेला असतो. त्याला मागे ढकलायचं. काम दोन मिनिटांचं आहे, पण तेवढ्यात ब्रेकची तब्येत हाताला कळते. म्हणून ते घाईत उरकू नये असं माझं मत.

पिस्टन आपला आपण मागे का येत नाही? ड्रम ब्रेकमध्ये शू परत खेचायला स्प्रिंगा असतात. डिस्क ब्रेकच्या पिस्टनला मागे खेचणारं असं काहीच दिसत नाही. ते काम करते रबराची एक रिंग. ती गोल कडेची नसते, कापली तर तिचा छेद चौकोनी दिसतो, आणि ती सिलिंडरच्या भिंतीतल्या खाचेत बसलेली असते. ब्रेक दाबला की पिस्टन पुढे सरकतो आणि रिंगची त्याला चिकटलेली आतली कड त्याच्यासोबत ओढली जाते. बाहेरची कड खाचेतच अडकलेली. रिंग तिरकी होते. पाय उचलला की रबर पुन्हा सरळ होतं आणि सरळ होता होता पिस्टनला मागे घेऊन येतं. किती मागे? मिलिमीटरच्या काही दशांशाइतकं. पॅडची डिस्कवरची पकड सुटायला तेवढं पुरतं.

खरी गंमत पुढे आहे. पॅड झिजला की पिस्टनला थोडं जास्त पुढे जावं लागतं. रिंग तिच्या मर्यादेपर्यंतच ताणली जाते, उरलेलं अंतर पिस्टन तिच्यातून घसरून पुढे जातो. परत येताना मात्र रिंग त्याला पहिल्याइतकंच मागे आणते. त्यामुळे पॅड जाड असो वा पातळ, डिस्क आणि पॅडमधली फट तेवढीच राहते. ड्रम ब्रेकला त्यासाठी वेगळा अ‍ॅडजस्टर लागतो, इथे काही रुपयांची रिंग ते वर्षानुवर्षं करते. कॅलिपरमध्ये मला सगळ्यात आवडणारी वस्तू हीच.

पिस्टन पुढे आला की त्याच्यामागे रिकामी झालेली जागा ब्रेक ऑइल भरून काढतं. पिस्टनचा व्यास ५४ मिलिमीटर धरला तर क्षेत्रफळ साधारण २३ चौरस सेंटिमीटर. तो ८ मिलिमीटर पुढे आला असेल तर त्याच्यामागे १८ मिलिलिटर ऑइल जास्तीचं गेलं. पुढच्या दोन चाकांचे मिळून ३६. बॉनेटखालच्या डबीतली पातळी हळूहळू उतरते ती बऱ्याचदा यामुळे, गळतीच असेल असं नाही. सर्व्हिसिंगला कुणी ‘ऑइल कमी आहे’ म्हणून डबी काठोकाठ भरून दिली असेल, तर पिस्टन ढकलताना ते सगळं वर येतं आणि उतू जातं. म्हणून आधी झाकण काढून पातळी बघायची, जास्त असेल तर सिरिंजने थोडं ओढून घ्यायचं. ब्रेक ऑइल गाडीचा रंग खातं. सांडलंच तर लगेच भरपूर पाणी ओता. हे ऑइल पाण्यात सहज मिसळतं, त्यामुळे धुऊन जातं. पण पाण्याशी असलेली हीच जवळीक त्याला हळूहळू खराबही करते. डॉट ४ दर्जाचं नवं ऑइल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. हवेतली ओल शोषून त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की ही हमी १५५ अंशांवर येते. कोकणातल्या दमट हवेत राहणाऱ्या आणि दर शनिवारी घाट उतरणाऱ्या गाडीने हे लक्षात ठेवलेलं बरं.

आता ढकलण्याविषयी. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो, हे ब्लेझ पास्कालचं म्हणणं त्याच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये छापलं गेलं. जोरात ब्रेक मारताना नळ्यांमधला दाब दर चौरस सेंटिमीटरला साठ किलोपर्यंत सहज चढतो. २३ चौरस सेंटिमीटरच्या पिस्टनवर म्हणजे जवळपास १४०० किलो. मग त्याला मागे ढकलायला केवढा जोर लागेल? फारच थोडा. पॅडलवर पाय नसतो तेव्हा मास्टर सिलिंडरमधलं (पॅडल दाबलं की ऑइल पुढे ढकलणारा तो हा) बारीक भोक उघडं असतं आणि ऑइलची वाट थेट डबीपर्यंत मोकळी असते. तुम्हाला अडवतात ते फक्त रिंगचं घर्षण आणि बारीक वाटेने परतणारं ऑइल. जुना पॅड पिस्टनवर आडवा धरून सी क्लॅम्प (सी आकाराचा, स्क्रूने आवळायचा शिकंजा) सावकाश आवळला की पिस्टन लोण्यात बोट जावं तसा आत जातो. स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका. धुळीपासून राखणारं रबरी बूट फाटतं, पिस्टन फिनॉलिक प्लास्टिकचा असेल तर त्याची कड उडते.

आणि क्लॅम्प आवळताना पिस्टन जोर मागायला लागला, तर तिथेच थांबा. तो काहीतरी सांगतोय. ब्लीडरच्या निपलला, म्हणजे कॅलिपरवरच्या ऑइल आणि हवा बाहेर काढायच्या तोटीला, नळी लावून तिचं टोक बाटलीत सोडा, निपल अर्धा वेढा सैल करा आणि पुन्हा दाबा. आता पिस्टन सहज गेला, तर कॅलिपर निर्दोष, अडथळा मागे कुठेतरी आहे. अनेकदा तो रबरी होज पाइपमध्ये सापडतो. पाइप बाहेरून ठणठणीत, आतलं अस्तर मात्र सुटून पडद्यासारखं लोंबतं. जोराने आलेलं ऑइल पुढे जातं, मागे फिरताना अडतं, आणि चाक जाम धरून तापतं. निपल उघडूनही पिस्टन हलत नसेल, तर तो गंजून अडकलाय. मग कॅलिपर खोलायचाच.

निपल उघडूनच ढकलावं की डबीकडे जाऊ द्यावं, यावर मेकॅनिक लोक तावातावाने भांडतात. कॅलिपरच्या तळाचा गाळ एबीएसच्या (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) नाजूक झडपांकडे जाऊ नये, हा उघडणाऱ्यांचा मुद्दा. माझा हिशेब साधा आहे. ऑइल काळं पडलं असेल तर उघडतो, स्वच्छ असेल तर सावकाश डबीकडे जाऊ देतो. उघडलंच तर क्लॅम्पचा दाब असतानाच निपल बंद करायचं, नाहीतर हवा आत जाते. पक्कडीने होज चिमटून धरणाऱ्यांच्या बाजूने मी नाही. ज्या अस्तराची काळजी, तेच चिरडायचं?

मागच्या चाकांनाही डिस्क असेल तर नियम बदलतात. पुष्कळ गाड्यांत हँडब्रेकचा स्क्रू त्या पिस्टनच्या पोटात असतो. असा पिस्टन नुसता दाबून जात नाही, दाबत दाबत फिरवावा लागतो. त्याच्या तोंडावर त्यासाठी खाचा असतात. बहुतेक वेळा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, पण काही गाड्यांत एका बाजूला उलटा. तिथे क्लॅम्पची जबरदस्ती केली तर आतली यंत्रणा मोडते. हँडब्रेक बटणाचा असेल तर गाडी आधी सर्व्हिस मोडमध्ये न्यावी लागते, कारण आत मोटर असते.

सगळं बसलं, चाकं आवळली, गाडी स्टँडवरून उतरली. आता चावी फिरवून निघायचं नाही. पिस्टन आत आहेत आणि पॅडल दाबल्यावर पाय सरळ तळाला जाईल. मास्टर सिलिंडरमध्ये दोन कप्पे असतात. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांत एकेका कप्प्याकडे पुढचं एकेक चाक. पॅडल तळाला न नेता अर्धं दाबलं तर एका खेपेला एका कप्प्यातून दोन-तीन मिलिलिटर ऑइल जातं. पिस्टन आणि नव्या पॅडमधली उरलेली फट मिटायला चाकाला त्याहून जास्त लागू शकतं. जुन्या मास्टर सिलिंडरचं पॅडल तळापर्यंत नेऊ नये, खाली कधी न वापरलेल्या गंजक्या भागावर त्याची रबरं घासतात. म्हणून अर्धं अर्धंच दाबायचं, मोजत. पहिल्या दोन वेळा पाय हवेत गेल्यासारखा वाटतो. आणखी काही वेळा दाबलं की खाली काहीतरी लागतं. शेवटी पॅडल दगडासारखं होतं. मग बॉनेट उघडून डबीत डोकवा. मघाशी वर चढलेली पातळी जराशीच खाली आलेली दिसेल, कारण जाड नव्या पॅडांमुळे पिस्टन आतच राहिलेत.