कंटेनर इमेजचे मिररिंग (तोडलेल्या जाळ्यांसाठी)

कंटेनर इमेज म्हणजे प्रोग्राम आणि त्याला चालायला लागणाऱ्या फाईलींचा तयार गठ्ठा, आणि रजिस्ट्री म्हणजे अशा इमेजचे कोठार. बाहेरच्या रजिस्ट्रीतील कंटेनर इमेज जशीच्या तशी उतरवून, इंटरनेट नसलेल्या जाळ्यातील स्थानिक रजिस्ट्रीत भरणे याला मिररिंग म्हणतात. यातला ‘जशीच्या तशी’ हा भाग महत्त्वाचा. बहुतेक घोटाळे तिथेच होतात.

सीमाभागात याची गरज दोन कारणांनी पडते. बेळगावातील उद्यमबागेतले मशीन शॉप असो वा संकेश्वर पट्ट्यातला साखर कारखाना, यंत्रे चालवणारे जाळे इंटरनेटपासून मुद्दाम तोडून ठेवणे शहाणपणाचे असते. गाळप हंगामात ते बंद पडून चालत नाही. दुसरे कारण साधे आहे: कणकुंबी-जांबोटीच्या रानात पावसाळ्यात लाईन टिकेल याचा भरवसा नाही.

इमेज म्हणजे एक फाईल नव्हे. तिच्यात दाबलेले (कॉम्प्रेस केलेले) फाईलींचे थर, एक कॉन्फिग आणि या सगळ्यांची यादी असलेला मॅनिफेस्ट असतो. मॅनिफेस्टच्या मजकुरावरून निघणारा ६४ अक्षरी शा-२५६ आकडा म्हणजे डायजेस्ट. ‘लेटेस्ट’सारखा टॅग (इमेजला लावलेले नाव) उद्या दुसऱ्याच इमेजला चिकटू शकतो, डायजेस्ट मात्र हलत नाही. म्हणून यादी करताना टॅगसोबत डायजेस्टही लिहावा.

नवखा माणूस डॉकर या कंटेनर चालवण्याच्या साधनाच्या ‘सेव्ह’ आज्ञेने टार (एकत्र बांधलेली फाईल) बनवतो आणि पेनड्राइव्हवर घेऊन निपाणीला निघतो. पारंपरिक सेव्हमध्ये थर उघडून ठेवले जातात. तिकडे लोड करून रजिस्ट्रीत चढवल्यावर (पुश) ते पुन्हा दाबले जातात आणि डायजेस्ट बदलतो. मग डायजेस्टने इमेज मागणाऱ्या पॉडला (कुबरनेटीस या कंटेनर चालवणाऱ्या प्रणालीतला कंटेनरांचा एक गट) ‘मॅनिफेस्ट अननोन’ हे उत्तर मिळते, इमेज रजिस्ट्रीत डोळ्यांसमोर असूनही. शिवाय पेनड्राइव्ह फॅट-३२ असेल तर ४ जीबीच्या वरची फाईल त्यावर बसतच नाही. त्यापेक्षा स्कोपिओ (इमेजची नक्कल करणारा प्रोग्राम) बरा. तो थरांना हात न लावता इमेज ओसीआय (कंटेनर इमेजचे खुले मानक) मांडणीत डिस्कवर उतरवतो, आणि एकाच फोल्डरमध्ये भरलेल्या इमेजचे समाईक थर एकदाच साठतात. एकापेक्षा जास्त प्रोसेसर प्रकारांची इमेज असेल तर ‘ऑल’ हा पर्याय द्यावा. नाहीतर चालू मशीनच्या प्रकाराचीच इमेज येते आणि मूळ यादीचा डायजेस्ट मिररमध्ये सापडत नाही.

जागेचा अंदाज आधी घ्यावा. ओपनशिफ्ट ४ या कुबरनेटीसवर बांधलेल्या प्रणालीसाठी रेड हॅटच्या दस्तऐवजात नुसत्या रिलीज इमेजना सुमारे १२ जीबी आणि ऑपरेटरांसकट (जोडसॉफ्टवेअर बसवून सांभाळणारे घटक) सुमारे ३५८ जीबी असा आकडा दिलेला आहे. यादीतून नको ते ऑपरेटर छाटले की बरीच लहान हार्ड डिस्क पुरते. ओसी-मिरर या ओपनशिफ्टच्या मिररिंग साधनाच्या पहिल्या आवृत्तीत प्रत्येक फेरीच्या टारला क्रमांक असतो. दुसरी फेरी भरली नसेल तर तिसरी आत जात नाही, म्हणून जुनी डिस्क पुसण्याआधी तिकडचा क्रमांक विचारून घ्यावा.

स्थानिक रजिस्ट्रीच्या प्रमाणपत्रात नाव ‘सब्जेक्ट आल्टरनेटिव्ह नेम’मध्येच हवे, नुसते कॉमन नेम चालत नाही. ज्या सीएने (प्रमाणपत्र देणाऱ्याने) सही केली त्याचे प्रमाणपत्र प्रत्येक नोडवर (पॉड चालवणाऱ्या मशीनवर) टाकावे. तोडलेल्या जाळ्यात घड्याळ जुळवणारा सर्व्हर बहुधा विसरला जातो. मदरबोर्डची बॅटरी उतरली, वीज गेली-आली, की मशीन जुन्या तारखेवर जाते आणि कालपर्यंत चालणारे प्रमाणपत्र ‘अजून लागू नाही’ ठरते.

नोडची जोडणी हा स्वतंत्र विषय आहे. डॉकरच्या ‘रजिस्ट्री-मिरर्स’ सेटिंगचा उपयोग फक्त डॉकर हब या डॉकरच्या सार्वजनिक रजिस्ट्रीसाठी होतो. क्वे (रेड हॅटची रजिस्ट्री) किंवा कुबरनेटीसच्या रजिस्ट्रीला ते लागू होत नाही. ओपनशिफ्टमध्ये इमेज डायजेस्ट मिरर सेट हा डायजेस्टने मागितलेल्या इमेजपुरताच, टॅगसाठी इमेज टॅग मिरर सेट वेगळा द्यावा लागतो. मिररमध्ये इमेज नसेल तर नोड मूळ रजिस्ट्रीकडे धावतो आणि वेळ संपेपर्यंत थांबतो. शेवटी त्रुटीत बाहेरच्याच रजिस्ट्रीचे नाव दिसते, म्हणून माणूस फायरवॉल तपासत बसतो. मूळ स्रोताशी संपर्क बंद करून ठेवला की चूक लगेच उघडी पडते.

यादीतून हमखास सुटणारी इमेज म्हणजे प्रत्येक पॉडचा पाया धरणारी छोटी ‘पॉज’. ॲप्लिकेशनच्या कुठल्याही फाईलमध्ये तिचे नाव नसते. ती कंटेनरडीच्या (नोडवर कंटेनर चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) कॉन्फिगमध्ये असते, आणि तिच्याविना एकही पॉड उभा राहत नाही. चाचणी जुन्या नोडवर घेऊ नये: तिथे इमेज आधीच उतरलेल्या असतात, त्यामुळे मिररमधली उणीव झाकली जाते. कोरा नोड जोडावा, बाहेरची केबल काढावी आणि मगच पॉड सुरू करावेत.