दुभाष्याला बोलवा, मुकादमाला नको
रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या लहान मुलांच्या दवाखान्यांसाठी

आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळी कुटुंबं आहेत, चिरेखाणींवर कर्नाटकातली. त्यांची मुलं तापली की तुमच्याकडेच येतात. सोबत मुकादम, नाहीतर शाळेत जाणारी मोठी बहीण. दोघांनाही मराठी येतं, त्यामुळे काम भागल्यासारखं वाटतं. पण मुकादमासमोर आई खर्चाचं किंवा खाड्याचं बोलत नाही. आणि पोरीच्या तोंडून आईला वाईट बातमी द्यायला लावणं आम्हा दुभाष्यांना तरी पटत नाही.

२००३ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात मुलांच्या ओपीडीतल्या १३ भेटी तपासल्या, तर दुभाषांच्या ३९६ चुका निघाल्या. निम्म्याहून जास्त चुका म्हणजे बोलणं चक्क गाळलेलं. ऐनवेळी धरून आणलेल्या दुभाषांच्या चुका जास्त धोक्याच्या ठरल्या.

घरी सोडताना हे गाळणं महागात पडतं. पॅरासिटामॉलच्या थेंबांत बहुधा १ मिलीला १०० मिलिग्रॅम औषध असतं, १२५ च्या सिरपमध्ये ५ मिलीला १२५. ‘पाच मिली द्या’ एवढंच आईपर्यंत पोचलं आणि घरात थेंबांची बाटली असली, तर बाळाच्या पोटात चौपट औषध जातं. म्हणून सिस्टर, बाटली आणि ड्रॉपर हातात घ्या, खुणेपर्यंत भरून दाखवा, मग आईलाच भरायला सांगा. ‘समजलं का?’ विचारू नका, मान सगळेच डोलावतात. ‘घरी कसं देणार ते दाखवा’ म्हणा. ओआरएसचंही तसंच. लिटरचं पाकीट अख्खं लिटरभर पाण्यात, पेल्यात चिमूट-चिमूट नाही.

बोलताना आईकडे बघा, दुभाष्याकडे नको. तो ‘मी’ म्हणतो तेव्हा तो ‘मी’ म्हणजे आई. दोन वाक्यांवर थांबत जा. तुमचं आपसातलं बोलणंही तो तिला सांगतो. सुरुवातीला अवघडल्यासारखं होतं खरं.

केसपेपरवर घरातली भाषा विचारूनच लिहा. नेपाळहून आलेल्यांच्या घरी थारू किंवा मगर भाषा असू शकते, कर्नाटकातल्यांच्या घरी लमाणी. तातडीच्या वेळी आमच्यासाठी उपचार थांबवू नका. हात चालू ठेवा, फोन स्पीकरवर लावा.

नेपाळी आणि कन्नडसाठी आम्ही रात्रीही फोनवर असतो. लमाणी, ओडियासाठी आदल्या दिवशी कळवलंत तर बरं. बिल दवाखान्याच्या नावे होतं, पालकांकडून आम्ही पैसे घेत नाही.