स्फटिकाचे सहा पैलू आणि कातळस्तंभाच्या सहा बाजू

मुंबईत अंधेरी पश्चिमेला इमारतींच्या दाटीत उभी असलेली गिल्बर्ट हिल ही सुमारे २०० फूट उंचीची काळ्या कातळाची टेकडी पायथ्याशी जाऊन पाहिली, की तिचा कडा उभ्या खांबांची मोळी बांधून ठेवावी तसा दिसतो. असे खांब बहुधा पाच किंवा सहा बाजूंचे असतात. गारगोटीचा, म्हणजे क्वार्ट्झचा, चांगला वाढलेला स्फटिकही सहा बाजूंचाच असतो. त्यामुळे हे खांब म्हणजे प्रचंड मोठे स्फटिकच असावेत, असे पाहणाऱ्याला वाटले तर त्यात नवल नाही.

हा समज जुना आहे आणि विद्वानांनीही तो बाळगलेला आहे. १५६५ साली कॉनराड गेस्नर या स्विस निसर्गअभ्यासकाने छापलेल्या चित्रात बेसाल्टच्या, म्हणजे अशाच काळ्या कातळाच्या, खांबांना स्फटिकासारखी निमुळती टोके दाखवलेली आहेत. खऱ्या खांबांना ती कधीच नसतात. अठराव्या शतकातही बेसाल्ट हा समुद्राच्या पाण्यातून साचलेला खडक आहे, असे मानणाऱ्यांचा पक्ष प्रबळ होता. फ्रान्समधील ओव्हेर्न्य प्रांतात निकोला देमारे याने १७६३ साली असे खांब पाहिले आणि त्यांचा संबंध थेट जुन्या ज्वालामुखीच्या लाव्हाप्रवाहांशी जोडून दाखवला, तेव्हा कुठे या समजाला धक्का बसला.

दोहोंतला मूळ फरक घडण्याच्या रीतीत आहे. स्फटिक बाहेरून भर पडत मोठा होतो. स्तंभ मात्र आधीपासून असलेल्या दगडाला तडे गेल्यावर मध्ये शिल्लक राहतो.

खडकातील पोकळीत सिलिकायुक्त पाणी झिरपत राहिले, की सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे अणू एका ठरलेल्या मांडणीत भिंतीला चिकटू लागतात आणि प्रत्येक नवा थर आधीच्या थराची मांडणी पुढे चालवतो. ही मांडणी बारकाईने पाहिली तर तीन-तीनच्या फिरत्या क्रमाची आहे, आणि बाहेर दिसणारे सहा पैलू हा तिचा परिणाम आहे. हातात घेतलेल्या गारगोटीचा एखादा पैलू रुंद आणि शेजारचा अगदी चिंचोळा असू शकतो, कारण पोकळीत एका बाजूला जागा कमी पडलेली असते. पण स्फटिकाच्या दोन शेजारच्या उभ्या पैलूंमधील कोन मोजला, तर तो प्रत्येक वेळी १२० अंशच भरतो. कोनांची ही स्थिरता निकोलस स्टेनो याने १६६९ साली मांडली. तिच्यामागे अणूंची शिस्तबद्ध रचना आहे, याचा प्रत्यक्ष पुरावा मात्र १९१२ साली, माक्स फॉन लाउए यांच्या क्ष-किरणांच्या प्रयोगांनंतर मिळाला. एवढ्या साध्या दगडातून इतकी खोल गोष्ट हाती लागावी, याचे मला अजूनही अप्रूप वाटते.

स्तंभाचा कोन असा नेमका भरत नाही. लाव्हाचा जाड थर वरून आणि खालून थंड होत जातो, थंड होताना आकसतो, पण आडवे आकसायला त्याला मोकळीक नसते. त्यामुळे ताण वाढतो आणि पृष्ठभागावर तडे जातात. सुरुवातीचे तडे सुकलेल्या तळ्याच्या चिखलासारखे असतात: नवा तडा जुन्याला जवळजवळ काटकोनात येऊन मिळतो. मग आतला दगड जसजसा निवत जातो, तसतसे तडे टप्प्याटप्प्याने आत शिरतात, आणि प्रत्येक टप्प्यावर जुळण्या थोड्या सरकत तीन तडे १२० अंशांच्या आसपास एकत्र येण्याकडे झुकतात. तड्यांच्या विस्तीर्ण जाळीत प्रत्येक ठिकाणी तीनच तडे मिळत असतील, तर खांबांच्या बाजूंची सरासरी सहाच्या जवळ जाते. हे भूमितीचे गणित आहे, बेसाल्टचा गुण नव्हे. म्हणूनच उत्तर आयर्लंडच्या जायंट्स कॉजवेवरील सुमारे ४०,००० स्तंभांत सहा बाजूंचे पुष्कळ असले, तरी चार, पाच, सात आणि आठ बाजूंचेही आहेत. थंड होण्याचा वेग जितका कमी, तितका खांब जाड. हे तडे सुमारे ८४० ते ८९० अंश सेल्सिअस तापमानाला, म्हणजे दगड घट्ट झाल्यावर पडतात, असे लिव्हरपूल विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ साली प्रयोगाने दाखवले.

उष्णता हे येथे केवळ आकसण्याचे निमित्त आहे, हे स्वयंपाकघरातही पाहता येते. कॉर्नफ्लोअर आणि पाणी यांचे दाट मिश्रण काचेच्या भांड्यात जाड थराने ओतून दिव्याच्या उबेखाली काही दिवस पूर्ण वाळू द्यावे आणि तो गोळा हलक्या हाताने मोडावा. आत काही मिलिमीटर जाडीचे, अनेक बाजूंचे उभे खांब सापडतात. टोरांटो विद्यापीठात याच पिठावर स्तंभांचा सविस्तर अभ्यास झाला आहे. पीठ आणि लाव्हा यांच्या रसायनात काहीही साम्य नाही, तरी आकार तोच येतो.

आपल्या दर्शनांतील उपादान कारण आणि निमित्त कारण हा भेद येथे फार कामाला येतो. घड्याचे उपादान माती आणि निमित्त कुंभार. स्फटिकाच्या कोनांचे कारण उपादानातच आहे: द्रव्य बदलले की कोन बदलतात. स्तंभाचा आकार निमित्ताकडून, म्हणजे निवण्याच्या आणि ताणाच्या परिस्थितीकडून येतो. तोच लाव्हा वेगळ्या रीतीने निवला तर एकही खांब तयार होत नाही. अर्थात ही वाटणी अगदी काटेकोर धरू नये, कारण गारगोटीच्या पैलूंची लांबीरुंदीही परिस्थितीच ठरवते.

बेसाल्टच्या स्तंभाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर त्यात फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन या खनिजांचे बारीक, खरेखुरे स्फटिक दिसतात. त्यातले प्रत्येक आपल्या द्रव्याने ठरवलेल्या कोनांचे असते, पण स्तंभाच्या बाजूंशी त्यांची दिशा जुळलेली नसते, आणि स्तंभाची कड ठरवणारा तडा त्यांच्या मांडणीची दखल न घेता आपल्या वाटेने गेलेला असतो.